सुभेदाराची अकॅडमी अन् मी तिची जनता

अहमदपुरात एक म्हातारी राहत होती, तिचं नाव कौसाबाई. तिला एक ल्योक होता, उत्तम, फौजेत सुभेदार होऊन घरी आलेला. ल्योकाला बायको होती रेखा, अन् दोघांच्या पोटी एक पोर होती, प्रज्ञा. राजा न्हवता, राणी न्हवती, हत्ती तर न्हवताच न्हवता. घराला लागून एक पत्र्याचं शेड होतं, अन् त्यावर पाटी होती, 'सैनिक भरती अकॅडमी'.

ती म्हातारी म्हणजे मीच. साळंचं तोंड मी पाहिलं न्हाई. हे मी बोलून राहिले अन् रेखा लिहून राहिली. मधी एखादं वाक्य लई शहाण्यासारखं आलं तर ते तिचं समजा.

लोकांच्या घरात भांडी साचतात, आमच्या घरात किस्से साचतात. एक घासून पालथा घालावा तवर दुसरा समोर येऊन पडतो! कारण काय, तर आमच्या अकॅडमीत उत्तम नुसतं पळायला शिकवत न्हाई. तो बोलायला शिकवतो. भरतीच्या पोरापोरींना उभं करतो अन् म्हणतो, "बोल! तीन मिनिटं! फौजी माणसाचं बोलणं गोळीसारखं पाहिजे, सरळ जाऊन लागलं पाहिजे!"

अन् ज्याच्या घरात बोलण्याचा क्लास, त्याच्याच पोरीचं बोलणं बिघडलेलं. प्रज्ञाला फौजेत ऑफिसर व्हायचं होतं, सुभेदारानं ज्याला सलाम ठोकायचा तो ऑफिसर. लेखी परीक्षा हसत पास व्हायची. पळण्यात पोरांना मागं टाकायची. पण ऑफिसरला चार लोकांसमोर उभं राहून सावकाश, समजेल असं बोलावं लागतं. आमच्या पोरीचं बोलणं म्हणजे उतारावर ब्रेक फेल झालेला उसाचा ट्रॅक्टर! मधी कोणी आलं तर आलं, पोर काही थांबत न्हाई.

आता एकेक सांगते.

*

उत्तम फौजेतून आला त्याच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट.

फौजेत हुकूम तोंडी देतात. त्याला म्हणतात जबानी हुकूम. त्याची ठरलेली रीत असते. आधी खबर, म्हणजे काय परिस्थिती हाय ते. मग मकसद, म्हणजे करायचं काय. मग तरीका, म्हणजे कसं करायचं. मग दाणापाणी. अन् सगळ्यात शेवटी साहेब छाती काढून विचारतात, "कोई शक?"

फौजेत या 'कोई शक'वर कोणी शक काढत न्हाई. त्यामुळं अठ्ठावीस वर्षं माझ्या ल्योकाला वाटत होतं की आपण बोलतो ते सगळ्यांना समजतं.

त्या दिवशी सकाळी त्यानं आम्हा तिघींना अंगणात ओळीनं उभं केलं. मला वय बघून खुर्ची दिली.

"खबर," उत्तम म्हणला. "आज आठवडी बाजार. गर्दी भरपूर. ऊन कडक. मकसद, दोन किलो वांगी, एक किलो कांदे, अर्धा किलो हिरवी मिरची. तरीका, रेखा पुढून, प्रज्ञा बगलेतून, मी पिशवी घेऊन मधी. वांगीवाल्याला दोन्ही बाजूंनी घेरायचं. एकीनं भाव करायचा, दुसरीनं वांगी निवडायची. दाणापाणी, पाण्याची बाटली एक. वापसी अकरा वाजता. घड्याळं मिळवून घ्या!"

रेखानं घड्याळ मिळवलं. प्रज्ञानं मोबाइल मिळवला. वीस मिनिटं चाललं होतं हे.

"कोई शक?"

मी म्हणलं, "हाव. मला हाय."

ल्योकाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कोणी शक काढला होता! "काय माय?"

म्हणलं, "बाजार काल झाला."

*

पण ऐकंल तो उत्तम कसला. नायगावला माझी लेक सुनंदा दिलेली हाय. तिच्या पोरीचं लग्न निघालं. उत्तम मामा! मामानं आदल्या दिवशी जाऊन अंगणात वाळूचं मॉडेल केलं.

हे मॉडेल म्हणजे काय, तर फौजेत हुकूम द्यायच्या आधी जमिनीचा नकाशा वाळूत करतात. कुठं टेकडी, कुठं नाला, कुठं रस्ता. मग काठीनं दाखवत बोलतात. उत्तमनं हळदीचा रस्ता काढला. निळीचा नाला केला. मांडव म्हणून वीट ठेवली, आचाऱ्याची भट्टी म्हणून अंगाऱ्याचा डबा, अन् वऱ्हाडाच्या गाड्या म्हणून साबणाच्या वड्या. दिसायला लई सुरेख झालं होतं. बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या बघून जात होत्या.

मग त्यानं साऱ्या घरच्यांना गोळा केलं, काठी घेतली अन् सुरू झाला. आता रीतीप्रमाणं खबरेत पहिली असते दुश्मनाची खबर. लग्नात दुश्मन कुठून आणायचा? पण रीत म्हणजे रीत! रकाना मोकळा सोडणं त्याला जमेना.

"दुश्मन," उत्तम म्हणला, "नवरदेवाकडचे लोक. ताकद, दीडशे. येण्याची दिशा, बिलोली रोड. हत्यार, रुसवा. कमजोरी, गोड पदार्थ. हल्ला मुख्यतः पंगतीच्या पहिल्या फेरीला अपेक्षित."

पोरं खुसूखुसू हसून राहिली. मला वाटलं हुकमाला हसून राहिली. ती हसत होती मागं बघून. मागं दारात एक पाव्हणा उभा होता, पांढरा सदरा, कपाळाला हात लावून, सगळं मन लावून ऐकत. नवरदेवाचा सख्खा काका! जागा बघायला म्हणून एक दिवस आधी आलेला!

उत्तमला काही दिसलं न्हाई. त्यानं काठी बगलेत मारली. "कोई शक?"

काका पुढं आला. वाकून त्यानं वाळूतली एक साबणाची वडी उचलली, खाली ठेवली, शेजारी अजून दोन ठेवल्या.

"हाव सुभेदारसाहेब, एकच," काका म्हणला. "आम्ही अडीचशे येऊन राहिलो."

*

आता प्रज्ञाच्या पहिल्या बोर्डाचं सांगते. हसू येतं पण तवा आलं न्हवतं.

ऑफिसर निवडायला पोरापोरींना पाच दिवस बोलावून घेतात, त्याला बोर्ड म्हणतात. त्यात एक दिवस चिठ्ठी उचलायची असते. चिठ्ठीवर विषय. तीन मिनिटं विचार करायचा, अन् तीन मिनिटं बाकीच्या उमेदवारांसमोर उभं राहून बोलायचं. एक साहेब मागं बसून बघतात.

प्रज्ञाच्या वाट्याला विषय आला पाण्याचा. आता मराठवाड्याच्या पोरीला पाण्यावर बोलायला काय कमी? उभी राहिली अन् सुटली! धरण, पाझर तलाव, ठिबक, टँकर, बोअर, सगळं सगळं सांगून टाकलं अन् गप्प झाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पन्नास सेकंद झाले होते.

बाकीचे उमेदवार तिच्याकडं बघून राहिले, ती भिंतीकडं. बरंच झाल्यावर साहेबांना दया आली. विचारलं, "तुम्हाला यात अजून काही सांगायचंय का?"

पोरगी म्हणली, "यस सर!"

अन् तेच सगळं परत सांगितलं. चाळीस सेकंदात!

घरी आली ती बॅग दारात टाकून माझ्या मांडीत डोकं घालून पडली. "आज्जी, मला सगळं येत होतं गं."

उत्तमनं कॅलेंडर काढून हिशोब केला. वयाच्या अटीत बसंल अशी अजून एकच खेप उरली होती. एकच. त्या दिवशी माझ्या ल्योकानं कोणाला हुकूम दिला न्हाई, जेवतानासुद्धा नुसतं मीठ मागितलं.

*

दुसऱ्या दिवसापासून अकॅडमीत बोलण्याचा तास सुरू झाला. रोज पाच वाजता. प्रज्ञापण बाकीच्यांबरोबर बसायची, बापाची लेक म्हणून सूट न्हाई.

"बोलायला जनता पाहिजे," उत्तम म्हणला. "एकमेकांसमोर सगळेच शूर असतात." मग त्यानं मला बोलावून शेडमध्ये बसवलं. "माय, आजपासून तू जनता."

म्हणलं, "जनतेला काम असतं बाबा. मी सूप घेऊन बसते."

तर मी तूर निवडत बसायची अन् पोरं बोलायची. दोन दिवसांत पोरांनी एक गोष्ट हेरली. बोलणं कंटाळवाणं असलं की म्हातारीचा हात तुरीवर चालत राहतो. बोलणं जमलं की हात थांबतो. झालं! साऱ्या अकॅडमीचा एकच मकसद, म्हातारीचा हात थांबवायचा. कोणाला नंबर देत न्हवता उत्तम, नुसतं विचारायचा, "हात थांबला का?"

बिलोलीचा एक गंगाधर होता. उंच, धिप्पाड, दोन माणसांचं काम एकटा करंल. पण आवाज असा की डास बरा! तो उभा राहिला की मला कळायचंच न्हाई सुरू झालाय का न्हाई. माझी एक दिवसात चार किलो तूर निवडून झाली.

उत्तमनं आमच्या गल्लीतल्या शब्बीरला बोलावलं. शब्बीरचा मंडप अन् माईकचा धंदा. त्यानं मोठा माईक लावला. गंगाधर बोलला. माईकमधून आपली नुसती त्याच्या श्वासाची सूं सूं.

"खाला," शब्बीर मला म्हणला, "मशीन में कुछ डालेंगे तो बाहर आएंगा ना. ये तो कुछ डालीच नहीं रहा."

मग मीच म्हणलं, याला रस्त्यावर न्या. नांदेड रोडच्या एका बाजूला मी सूप घेऊन बसले, दुसऱ्या बाजूला गंगाधर उभा. मधून ट्रक, ट्रॅक्टर, गाड्या. म्हणलं, "या सगळ्यांवरून माझ्यापर्यंत आवाज आण."

विषय दिला स्वच्छता. उत्तमनं बजावलं, "हात खिशात नको. बोलताना हात वापर."

गंगाधर हातवारे करून बोलायला लागला. तोंड हलताना दिसत होतं. आवाज न्हाई. आता त्याचं आलं महत्त्वाचं वाक्य, तर त्यानं उजवा हात पूर्ण वर केला.

अन् कर्रकन लातूरची एसटी येऊन थांबली!

कंडक्टरनं दार उघडलं. "चल रे, चढ लवकर!"

गंगाधर नुसता बघतोय. ड्रायव्हर वैतागला, "चढायचं का न्हाई? गाडी का थांबवली?"

तवा त्या पोराच्या पोटातून जो आवाज निघाला, मी रस्त्याच्या या बाजूला दचकले. "न्हाई चढायचं! माझं भाषण चालू हाय!"

सगळी गाडी खिडकीतून टाळ्या वाजवत गेली. माझा हात? हातातलं सूपच पडलं होतं.

*

प्रज्ञाचं सुसाट सुटणं मात्र काही केल्या कमी होईना. माझा हात थांबायचा, पण तो कौतुकानं न्हाई, घाबरून.

मधीच एक गंमत झाली ती ऐका. उत्तमचा एक नियम होता. बोलताना 'म्हणजे' म्हणायचं न्हाई. माणूस अडला की 'म्हणजे' म्हणतो, अन् फौजेत अडून चालत न्हाई. एका 'म्हणजे'ला जमिनीवर पाच दंड मारायचे. पोरं इतकी तयार झाली होती की कोणी बोलायला लागलं की बाकीच्यांची बोटं आपोआप मोजायला लागायची. नायगावची शीतल त्यात एक नंबर. तिच्या कानातून एक 'म्हणजे' सुटायचा न्हाई.

वर्धापनदिनाला एक पुढारी आले. नाव नको, भला माणूस होता, शेडला दोन पंखे देतो म्हणला होता. भाषणाला उभे राहिले. "आज म्हणजे, मला म्हणजे, इथं येऊन म्हणजे खरं म्हणजे..."

मी पोरांकडं पाहिलं. साऱ्यांची बोटं चालू! उत्तम स्टेजवरून डोळे वटारतोय, पण सवय लागलेली बोटं थांबतात का?

भाषण संपलं. टाळ्या झाल्या. पुढारी गर्दीला हात जोडत खाली आले. समोर शीतल उभी, एकदम सावधानमध्ये. तिच्या तोंडातून आपसूक निघून गेलं, "साहेब, दोनशे पंधरा दंड!"

पुढारी थांबले. गोंधळून इकडं तिकडं बघितलं.

"म्हणजे?"

"दोनशे वीस!"

*

शब्बीरची आई रजियाआपा माझी जुनी मैत्रीण. आम्ही दोघी एकाच साली या गल्लीत नांदायला आलो. तिला आता ऐकू कमी येतं. कानातलं मशीन शब्बीरनं आणून दिलं, तर म्हणते मेलं खुजली करतं. ती ओठ बघून समजून घेते. समोरच्यानं तोंड नीट उघडलं तर तिला रेडिओसारखं सगळं समजतं, न्हाई तर काहीच न्हाई.

मला एके दिवशी दाळ शिजता शिजता सुचलं. प्रज्ञाला उचलली अन् रजियाआपासमोर नेऊन बसवली. म्हणलं, "आजपासून तुझी जनता ही."

पोरगी सुरू झाली. आपानं हात पुढं करून तिची हनुवटीच धरली. "थांब. तोंड दिखा. पयला जुमला फिरसे."

प्रज्ञानं पहिलं वाक्य परत म्हणलं. आपानं मान हलवली. दुसरं म्हणलं. मान हलली न्हाई. हनुवटी घट्ट. "फिरसे."

एक भाषण व्हायला पाऊण तास लागला. पोर घामानं भिजली. बाहेर आल्यावर रडकुंडीला येऊन म्हणली, "आज्जी, असं बोलून मी तीन मिनिटांत तीन वाक्यं पण न्हाई बोलणार!"

म्हणलं, "तू ल्हान असताना मी तुला भरवायची. पहिला घास तोंडात असताना दुसरा कोंबला असता तर?"

"गुदमरले असते."

"मग त्या साहेबाला का गुदमरवून राहिलीस?"

 पोर तोंड पुसून परत आत गेली, स्वतःहून, अन् आपासमोर बसून हनुवटी पुढं केली.

रोज चालू झालं. एक वाक्य, आपाच्या डोळ्यात बघणं, मान हलेपर्यंत थांबणं, मग दुसरं. महिना गेला, दुसरा गेला. हळूहळू आपाचा हात हनुवटीवरून सुटला अन् मांडीवर आला. एक दिवस प्रज्ञानं सरहद्दीवरच्या रस्त्यांवर पुरं भाषण केलं, अन् आपानं प्रत्येक वाक्याला मान हलवली. एकदापण 'फिरसे' म्हणली न्हाई. मी घड्याळ बघायला उत्तमला उभं केलं होतं. दोन मिनिटं पन्नास सेकंद! पोरीनं आपाला मिठीच मारली.

"समझ्या ना आपा? सब समझ्या?"

"सब समझ्या बेटी," आपा म्हणली. "पहाड में रस्ता कैसा बनता, पूल कैसा बनता, सब समझ्या. बस एक बता. अपने गल्ली का गड्ढा कब भरते?"

*

पण घरातल्या माणसांसमोर बोलणं वेगळं अन् गर्दीसमोर वेगळं. ती परीक्षा झाली उन्हाळ्यात, टँकरसमोर.

टँकर आला की आमच्या गल्लीत लढाई होते. घागरीला घागर, केसाला केस. त्या दिवशी पोरगी आमच्या ओट्यावर चढली. समोर चाळीस बाया, हातात भांडी, सगळ्या एकदम बोलणाऱ्या. मी मनात म्हणलं, झालं, ही आता सुटते.

ती सुटली न्हाई. ती थांबली. गप्प उभी राहिली. दोन बाया गप्प झाल्या, मग चार, मग सगळ्याच. हिला झालंय काय बघायला!

"टँकर एकच हाय," प्रज्ञा म्हणली. बायांकडं बघितलं. थांबली. "पाइप दोन हायत." थांबली. "डावीकडच्या घरांनी मागचा पाइप धरायचा. उजवीकडच्यांनी पुढचा. एका घराच्या चार घागरी. म्हाताऱ्या माणसांच्या आधी भरायच्या."

एवढंच. बाया दोन ओळींत उभ्या राहिल्या! मी माझ्या जन्मात टँकरपुढं ओळ पाहिली न्हवती.

तेवढ्यात उत्तम घरातून आला. त्याला आनंद आवरेना, पण शिस्तीतली चूकपण बघवेना. "शाब्बास! पण मॉडेल कुठंय? मॉडेलशिवाय हुकूम अधुरा असतो. थांब, समजावून देतो तुला." अन् आमच्या चार घागरी बाजूला ठेवून तो मातीत बसला. काडीनं गल्ली काढली, विटेचा टँकर केला, सुतळीचे दोन पाइप लावले. प्रज्ञा म्हणून राहिली, "पप्पा, आपला नंबर..." तर म्हणतो, "मधी बोलायचं न्हाई, शेवटी विचार."

मॉडेल तयार झालं. उत्तम उभा राहिला, हात झटकले. "कोई शक?"

रेखा दारात चार कोरड्या घागरी घेऊन उभी होती.

"हाव," रेखा म्हणली. "टँकर गेला. आता चहा तुमच्या मॉडेलातल्या टँकरचा करू का?"

*

दुसऱ्या बोर्डाला प्रज्ञा गेली. पाच दिवस आमच्या घरात कोणाला चव लागली न्हाई. उत्तम अंगणात फेऱ्या मारायचा, ठरावीक पावलं टाकून, कोपऱ्यावर पाय आपटून वळायचा. रेखानं शेवटी सांगितलं, "अहो, बसा तरी, शेजाऱ्यांना वाटून राहिलंय पहारा लावलाय."

भाषणाच्या दिवशी संध्याकाळी फोन आला. उत्तमनं स्पीकरवर लावला.

"आज्जी!" पोरीचा आवाज घाबरा. "तीन मिनिटं पुरली न्हाईत गं! घंटी वाजली तवा माझं एक वाक्य उरलं होतं!"

उत्तम मटकन खुर्चीत बसला. "वेळेत संपवलं न्हाई. गेलं."

रेखानं तोंडाला पदर लावला. मीच म्हणलं, "बाळा, कोणतं वाक्य उरलं?"

"धन्यवाद."

त्या बोर्डात पोर पास झाली. मग डॉक्टरची तपासणी झाली. पण सगळं पार पडलं तरी शेवटी एक यादी लागते. साऱ्या देशातल्या निवडलेल्या पोरींची, वरून खाली. जागा थोड्या. यादीत वर आलं तर फौज, न्हाई तर घर. अन् वय संपलेलं.

*

यादी लागली त्या दिवसाचं सांगते अन् थांबते.

प्रज्ञा सकाळच्याच गाडीनं कागदाच्या कामाला लातूरला गेली होती. दुपारी चारच्या सुमाराला उत्तम अकॅडमीच्या कॉम्प्युटरवरून उठला अन् घरात आला. कोणाशी बोलला न्हाई. पेटीतून मेडलवाला कोट काढून घातला. दाढी परत केली. रेखानं विचारलं, "अहो, काय झालं? यादी लागली का?" तर म्हणला, "सगळ्यांना सांगतो. एकदाच. रीतीनं."

शब्बीरला माईक लावायला लावला. अकॅडमीची सगळी पोरं-पोरी ओळीत उभी केली. गल्ली गोळा झाली. रजियाआपाला खुर्ची आणली. रेखा पोळ्या लाटता लाटता तशीच आली, दोन्ही हात पिठाचे. त्याच्या तोंडाकडं बघून कोणाला काही कळेना. हसत न्हवता, रडत न्हवता. फौजी तोंड!

ओट्यावर चढला. माईक जवळ घेतला. साऱ्या ताकदीनं ओरडला, "परेड, सावधान!"

सगळे सावधान. पोरं सावधान. शब्बीर हातात वायर घेऊन सावधान. गल्लीत भाजीवाला गाडा घेऊन शिरला होता, तोपण सावधान. रजियाआपा खुर्चीवरून उठून सावधान. मी काठी टेकून सावधान.

अन् उत्तमनं तोंड उघडलं.

काहीच आलं न्हाई.

मिटलं. परत उघडलं. परत काही न्हाई. खबर न्हाई, मकसद न्हाई. माईक नुसता गुंईऽऽ करून राहिला.

आता सावधान म्हणलेलं, हलायचं कसं? एक मिनिट गेलं. दोन गेली. घरात कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. रेखानं डोळ्यांनीच मला विचारलं, जाऊ का? मी डोळ्यांनीच सांगितलं, जाऊ नको. तिसरी झाली, चौथी झाली. गंगाधरच्या नाकावर माशी बसली, तो डोळे तिरळे करून तिच्याकडं बघून राहिला. भाजीवाल्याचा गाडा उतारावर हळूहळू मागं सरकायला लागला, तो जागचा हलेना. पाचवी शिट्टी! दाळ करपल्याचा वास सुटला.

मी ल्योकाच्या हनुवटीकडं बघत होते. ती थरथरत होती. चांगलं का वाईट, आईला पण ओळखता येईना.

तेवढ्यात कोपऱ्यावरून प्रज्ञा आली. लातूरच्या गाडीतून उतरून चालत. पाठीवर सॅक, हातात मोबाइल, केस वाऱ्यानं विस्कटलेले. तिनं ओट्यावरचा बाप पाहिला. ओळीत ताठ उभी गल्ली पाहिली. सरकता गाडा पाहिला, त्याला जाता जाता पायानं एक दगड लावला.

चालत आली ती ओट्याच्या पायरीशी थांबली. सॅक खाली ठेवली. टाचा जुळवल्या. श्वास घेतला, एवढा मोठा की मला ऐकू आला.

"परेड..."

थांबली. कुठून कुठवर थांबली! पूर्वीची प्रज्ञा असती तर एवढ्यात अख्खं भाषण झालं असतं.

"विश्राम!"

अन् साऱ्या गल्लीत सगळ्यात पहिला पाय हलला तो सुभेदाराचा. मागोमाग त्याचाच आवाज चालू माईकमधून पार मार्केट यार्डापर्यंत ऐकू गेला, "जय हिंद, मॅडम!"